बॉक्समधला रस आणि बागेतले फळ

या महिन्याच्या टपालात फळांच्या तयार रसाविषयी तीन पत्रे आली आहेत. तिन्ही घरांतली परिस्थिती वेगळी असली, तरी मुळातली शंका एकच आहे. त्यामुळे इतर विषयांवरची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी याच तीन पत्रांना उत्तर देत आहे.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मला सहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी आहे. मुलगा शाळेतून आल्यावर रोज ज्यूसचा एक बॉक्स पितो आणि त्याचे पाहून धाकटीलाही सवय लागली आहे. सासूबाई म्हणतात की चहा-बिस्किटांपेक्षा फळाचा रस केव्हाही बरा. द्राक्षे मात्र आम्ही मुलांना फार देत नाही, कारण बागेवर किती औषध मारावे लागते ते रोज डोळ्यांसमोर असते. बॉक्समधला रस कंपनीने तपासून भरलेला असतो, असे मिस्टरांचे म्हणणे आहे. हा रस मुलांना रोज देणे योग्य आहे का?
— एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, रोज देणे योग्य नाही, आणि धाकटीची सवय तर आताच मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंच्या मनातली काळजी खरी आहे. चहा-बिस्किटांपेक्षा मुलांच्या पोटात फळ जावे असे त्यांना वाटते, आणि ते बरोबरच आहे. मात्र बॉक्समधून जे पोटात जाते त्याला फळ म्हणता येईल का, हे आधी पाहावे लागेल.

दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या बॉक्सवर फळांची चित्रे सारखीच रसरशीत असतात, पण आतला माल एकसारखा नसतो. ज्याला ‘फ्रूट ड्रिंक’ किंवा फळांचे पेय म्हणतात, त्यात आपल्याकडच्या नियमांनुसार फळाचा रस किंवा गर १० टक्के असला तरी चालतो आणि लिंबाच्या पेयात तर ५ टक्केही पुरतो. उरलेला भाग म्हणजे प्रामुख्याने पाणी आणि साखर, शिवाय आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल आणि वासासाठी स्वाद. मुलांना आवडणारी बहुतेक आंब्याची पेये याच प्रकारात मोडतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, त्यामुळे बॉक्स उलटा करून पहिले तीन शब्द वाचले तरी बरेच कळते. ‘पाणी, साखर, आंब्याचा गर’ असा क्रम दिसला, तर त्यात आंब्यापेक्षा साखर अधिक आहे असे समजावे.

दुसरा प्रकार ‘ज्यूस’ म्हणून विकला जातो. त्यातला बराचसा रस आटवलेल्या अर्कापासून परत तयार केलेला असतो. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून काकवी होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. तसेच येथेही रसातले पाणी उडवून तो घट्ट करतात, फक्त ते काम निर्वात भांड्यात आणि बेताच्या उष्णतेवर होते. हा घट्ट रस पिंपांतून दूरवर नेता येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. नंतर कारखान्यात त्यात पाणी मिसळून तो पुन्हा पातळ करतात, तापवून जंतुरहित करतात आणि हवाबंद बॉक्समध्ये भरतात. या सगळ्या प्रवासात फळाचा मूळ सुवास आणि काही जीवनसत्त्वे कमी होतात, म्हणून पुष्कळदा सुवास आणि क जीवनसत्त्व वरून घातले जाते. अशा रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे छापणे ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे, असे एफएसएसएआय या आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये ठरवले आणि लेबलांवरून व जाहिरातींतून तो दावा काढून टाकण्याचे आदेश कंपन्यांना दिले. प्रति किलो १५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर वरून घातली असेल, तर तो ‘गोड केलेला रस’ आहे असे छापण्याच्या नियमाची आठवणही त्याच वेळी करून देण्यात आली.

आता साखरेचा हिशेब करू. तुमच्या घरी द्राक्षाची गोडी मोजायचे ब्रिक्सचे यंत्र असेल. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच तालुक्यातल्या एका बागेत मी गेले होते. काढणीची तारीख ठरवण्यासाठी बागायतदार चार-सहा घडांतले मणी काचेवर चिरडून आकडा पाहत होते. त्यांच्या नातवाच्या हातात सफरचंदाच्या रसाचा बॉक्स होता. मी सहज त्यातला एक थेंब त्या काचेवर टाकायला सांगितला. आजोबांनी काच पुसली, थेंब टाकला, यंत्र उजेडाकडे धरले आणि म्हणाले, “बारा.” नंतर त्यांनी मण्याचा रस पुन्हा पाहिला, तो अठरा भरला. शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम पदार्थ विरघळले आहेत, तो हा आकडा. ते यंत्र साखरेबरोबर इतर विरघळलेले पदार्थही मोजते, पण फळाच्या रसात त्यांतला फार मोठा वाटा साखरेचाच असतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल की मग द्राक्षच अधिक गोड ठरले. तसेच आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. फरक पडतो तो एका वेळी पोटात किती जाते आणि किती वेगाने जाते, यामुळे. सहा वर्षांचे मूल वाटीत दिलेली द्राक्षे चावून खाते तेव्हा पंधरा-वीस मण्यांवर त्याचे समाधान होते, म्हणजे सत्तर ते नव्वद ग्रॅम द्राक्षे आणि त्यातून बारा ते पंधरा ग्रॅम साखर. तेच मूल द्राक्षाचा २०० मि.ली. रस प्यायले, तर त्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम द्राक्षे, म्हणजे साठेक मणी पिळावे लागतात आणि तीस ग्रॅमच्या आसपास साखर दोन मिनिटांत नळीतून पोटात जाते. साठ मणी चावून खा म्हटले तर मोठ्या माणसाचाही जबडा दुखेल.

याविषयीचा एक जुना प्रयोग मला फार उद्बोधक वाटतो. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदे, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा त्यांचा चोथा काढलेला रस देण्यात आला. साखर तिन्ही वेळा सारखीच होती. रस सफरचंदांच्या अकरा पट वेगाने संपला आणि पोट भरल्याची भावना सर्वांत कमी आली. शिवाय रस प्यायल्यानंतर रक्तातली साखर चढून नंतर मूळ पातळीच्याही खाली उतरली. अख्ख्या सफरचंदांनंतर असे झाले नाही. शाळेतून आल्यावर बॉक्स पिऊन तासाभरात मुलगा पुन्हा ‘भूक लागली’ म्हणतो, अशी तक्रार माझ्याकडे येणाऱ्या अनेक आया करतात. त्यांना मी हाच प्रयोग सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि पाच टक्क्यांपेक्षा कमी असल्यास अधिक चांगले. या मोकळ्या साखरेत वरून घातलेली साखर, गूळ आणि मध यांबरोबरच फळांच्या रसातली साखरही धरली आहे, मग तो रस कितीही शुद्ध असो. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. दिवसाला तेराशे-चौदाशे कॅलरी लागणाऱ्या तुमच्या मुलासाठी दहा टक्क्यांची मर्यादा सुमारे ३४ ग्रॅम आणि पाच टक्क्यांची सुमारे १७ ग्रॅम होते. दर १०० मि.ली.मध्ये १२ ग्रॅम साखर असलेला २०० मि.ली.चा एक बॉक्स २४ ग्रॅम साखर देतो, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे. मी हे सहा चमचे एका वाटीत काढून मुलांसमोर ठेवते. बहुतेक मुले आधी वाटीकडे आणि मग आईकडे पाहतात. त्यानंतर समजावण्याचे माझे काम फारसे उरत नाही. तुमच्या घरीही एकदा हे सर्वांसमक्ष करून पाहा, सासूबाईंनाही जवळ बसवा.

लहान मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये वयानुसार मर्यादा दिल्या आहेत. एक वर्षाच्या आत रस मुळीच देऊ नये, एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १२० मि.ली. आणि चार ते सहा वर्षांपर्यंत १२० ते १८० मि.ली. या मर्यादाही शुद्ध रसाच्या आहेत. फळांच्या पेयांसाठी अशी कोणतीही ‘चालेल’ मर्यादा मी सांगणार नाही. शिवाय हे वरचे टोक आहे, गाठायचे उद्दिष्ट नव्हे. धाकटीच्या बाबतीत दातांचाही विचार करावा. रसातल्या साखरेबरोबर त्याचा आंबटपणाही नव्या दुधाच्या दातांना बाधतो आणि बाटलीतून किंवा नळीच्या कपातून मूल तासभर घोट घोट पीत राहिले, तर दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

औषधफवारणीबद्दलची तुमची भीती मी हलकी मानत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की बॉक्समधला रसही फवारणी झालेल्या बागेतल्याच फळांचा असतो. कारखाना फळे धुतो आणि तपासतो, हे मिस्टरांचे म्हणणे ठीक आहे, पण तुमच्या हाती जी माहिती आहे ती कोणत्याच ग्राहकाच्या हाती नसते. शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची झाली, हे तुमच्या वहीत लिहिलेले आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते दिलेले असते. ते दिवस पूर्ण झालेल्या घडांतलीच द्राक्षे घरात आणावीत. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषले जाणारे, औषध धुऊन निघत नाही, म्हणून दिवस पाळणे हे धुण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. त्यानंतर मणी घडापासून सोडवून वाहत्या पाण्याखाली तळहातावर चोळून धुवावेत. ज्या घडांवर तुमचाच विश्वास नसेल ते मुलांना देऊ नका. मला विचाराल, तर ते बाजारातही पाठवू नयेत.

आणखी एक सूचना आवर्जून करते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा मणी कधीही देऊ नये. गोल, गुळगुळीत मणी श्वासनलिकेत अडकून जीव गुदमरू शकतो. धाकटीला प्रत्येक मणी उभा चिरून, चार फोडी करून द्यावा.

सवय एका दिवसात मोडणार नाही. मुलाला पहिल्या आठवड्यात अर्धा बॉक्स पेल्यात ओतून, जेवणाबरोबर द्यावा. पुढच्या आठवड्यात तो एक दिवसाआड करावा आणि नंतर बाहेरगावी जाताना किंवा सणासमारंभापुरता ठेवावा. घरात साठा ठेवू नये, कारण फ्रिजमध्ये दिसणारी वस्तू नाकारणे मोठ्यांनाही जड जाते. शाळेतून आल्यावर हाताशी काहीतरी तयार हवे, नाहीतर हट्ट होणारच. एका बॉक्सच्या किमतीत दोन-तीन केळी येतात आणि ती बारमाही मिळतात. हिवाळ्यात पेरू आणि बोरे आहेत. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू संत्र्याच्याही तीन-चार पट सरस आहे. जानेवारीपासून घरची द्राक्षे आहेत, आटपाडी आणि जतकडची डाळिंबे आहेत, पावसाच्या तोंडावर जांभळे आहेत. द्राक्षांचा हंगाम संपला की तुमच्याच शेडवरचे बेदाणे आहेत. ते धुऊन, रात्री भिजवून आठ-दहा दिले तरी पुरतात. मात्र बेदाण्यात साखर एकवटलेली असते आणि तो दातांना चिकटतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायला लावावी. तहानेसाठी पाणी आणि पातळ ताक याहून निराळे काही लागत नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. दर वर्षी महाबळेश्वर-पाचगणीहून स्ट्रॉबेरी क्रशच्या बाटल्या आणतो आणि मुलींना दुधात किंवा पाण्यात घालून देतो. तो तर जवळच्याच फळांचा असतो. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाचा रसही पितो, कारण तो डोळ्यांसमोर काढलेला आणि ताजा असतो. हे दोन्ही दुकानातल्या बॉक्सपेक्षा चांगले ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : क्रशच्या बाबतीत मला तुमची निराशा करावी लागेल. क्रश टिकतो तो साखरेच्या जोरावर. नियमांनुसार क्रशमध्ये फळाचा भाग किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ५५ टक्के असावे लागतात, आणि हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. दुधाच्या पेल्यात दोन मोठे चमचे क्रश घातला की चार-पाच चहाचे चमचे साखर घातल्यासारखेच होते. फळ महाबळेश्वरचे असले तरी या हिशेबात फरक पडत नाही. पाहुणे आल्यावर किंवा वाढदिवसाला तो जरूर वापरा, पण रोजचे दूध पिण्याचे ते निमित्त होऊ देऊ नका. हंगामात ताजी स्ट्रॉबेरी धुऊन, चिरून दह्यात घातली तर मुली आवडीने खातात, आणि स्ट्रॉबेरी तर क जीवनसत्त्वाने समृद्ध असते.

उसाच्या रसात दर १०० मि.ली.मागे १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे बॉक्सपेक्षा ती कमी नाहीच. ताजेपणामुळे चव चांगली लागते, साखर कमी होत नाही. ऊसपट्ट्यात राहून रसवंतीकडे पाठ फिरवा असे मी म्हणणार नाही. महिन्यातून एक-दोनदा, लहान ग्लास, बर्फाशिवाय घ्यावा, कारण बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला ठाऊक नसते. घरात मधुमेही माणूस असेल, तर त्याने तोही टाळावा.

घरी काढलेल्या रसाविषयीही पुष्कळ जण विचारतात, म्हणून येथेच सांगते. तीन मोसंबी पिळून एक पेला रस निघतो आणि गाळणीवर जो चोथा राहतो तो आपण टाकून देतो. पचन नीट ठेवणारे आणि साखर रक्तात सावकाश उतरवणारे जे काही असते, ते त्या चोथ्यात असते. म्हणून मोसंबी सोलून, फोडींवरची पातळ पांढरी साल न काढता खावी. आजारपणामुळे ज्यांना चावता येत नाही त्यांची गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात. मागच्या महिन्यात त्यांना मिरजेला एका रुग्णालयात ठेवले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण ज्यूसचे बॉक्स घेऊन येत होता. त्यांवर ‘नो ॲडेड शुगर’ लिहिले होते, म्हणून वडील ते पीत राहिले. ते चालते का? घरी उरलेले बॉक्स जुलाब झालेल्या पुतणीला दिले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘नो ॲडेड शुगर’ याचा अर्थ साखर वरून घातलेली नाही, एवढाच होतो. फळाची स्वतःची साखर त्यात असतेच. सफरचंदाच्या अशा २०० मि.ली. रसात वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. बॉक्सच्या मागच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन आकडे असतात. मधुमेहींनी त्यांतला पहिला आकडा पाहावा. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या १,८७,००० हून अधिक लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासात अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे अधिक खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. एकाच फळाचे हे दोन परिणाम प्रत्येक मधुमेही कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

मात्र ते सगळेच बॉक्स देऊन टाकू नका, एक घरात ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी अचानक उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. रक्तातली साखर ७० मि.ग्रॅ./डेसीलिटरच्या खाली गेली असेल, तर अर्धा पेला, म्हणजे सुमारे १२० ते १५० मि.ली. रस ताबडतोब द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आल्यावर थोडे काही खायला द्यावे. जो वेग एरवी नको असतो, तोच या वेळी उपयोगी पडतो. रस नसेल तर ग्लुकोजची पूड किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून चालते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. वडिलांच्या मूत्रपिंडाचा काही त्रास डॉक्टरांनी सांगितला असेल, तर रसातल्या पोटॅशियमबद्दल त्यांना आधी विचारावे.

पुतणीला मात्र हे बॉक्स देऊ नका. जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये, म्हणजे जलसंजीवनीमध्ये, ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम असते आणि त्याच्या जोडीला २.६ ग्रॅम मीठ व इतर क्षार असतात. फळांच्या रसात लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतेच. इतकी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढू शकतात. काही गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घालून औषधांच्या दुकानांतही विकली जात असत. हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. म्हणून दुकानात नुसते ‘ओआरएस द्या’ न म्हणता पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे, पाकिटावर दिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूड पूर्ण विरघळवावी आणि मुलीला चमच्याचमच्याने पाजत राहावे. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून देऊन नवे करावे. ती लघवी कमी करत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा ती सुस्त पडून राहत असेल, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.